मुंबईहून गुलमर्गला स्कीइंगला जाताय? आधी कोरडं राहायची तयारी करा

गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलं की आपल्याकडे पहिलं काय होतं, तर सगळे जाडजूड जॅकेट शोधायला लागतात. कुणी अमेरिकेतल्या चुलतभावाचं मागून आणतं, कुणी फूटपाथवर बसणाऱ्या स्वेटरवाल्यांकडे चक्कर मारतं, आई माळ्यावरची शाल काढून ऊन दाखवते. हे सगळं ठीक आहे, पण थंडीची खरी गोम जाडीत नाहीये, ओलाव्यात आहे. पाणी हवेपेक्षा साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे आतून घामाने भिजलेला माणूस कितीही भारी जॅकेटमध्ये कुडकुडतो आणि कोरडा माणूस तीन पातळ थरांत निवांत उभा असतो. आपण मुंबईकर घामाला इतके सरावलेलो की घाम आलाय हे लक्षातही येत नाही, आणि तिथे नेमकं तेच नडतं. त्यामुळे खाली जे लिहितेय त्यात कपडे, बूट, आंघोळ, खाणं सगळं आलं तरी प्रत्येक वेळी स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, याने मी कोरडी राहणार आहे का.

आधी कधी जायचं ते. काश्मीरमध्ये चिल्लई कलान म्हणजे कडक थंडीचे ४० दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात आणि जानेवारीच्या शेवटापर्यंत चालतात, त्यानंतर २० दिवसांचं चिल्लई खुर्द आणि मग १० दिवसांचं चिल्लई बच्चा. थंडी डिसेंबरलाच असते पण बर्फाचा थर साचायला वेळ लागतो, आणि बर्फाचा आता भरवसाही राहिलेला नाही, जानेवारी २०२४ मध्ये महिन्याचा बराचसा काळ गुलमर्गची मैदानं कोरडी ठणठणीत होती आणि बर्फ पडला तो महिना संपता संपता. म्हणून मी सगळ्यांना फेब्रुवारीच सांगते. मुलांच्या शाळेमुळे नाताळातच जमणार असेल तर जा, पण स्कीइंग होईलच असं धरून जाऊ नका.

उंचीचा अंदाज घ्या. आपलं कळसुबाई १,६४६ मीटर, आणि गुलमर्गचं मैदानच साधारण २,६५० मीटरवर आहे. तिथून गोंडोलाचा म्हणजे केबल कारचा पहिला टप्पा कोंगडोरीला जातो, साधारण ३,१०० मीटर, आणि दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, साधारण ३,९५० मीटर. हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे खाली उणे ५ असेल तर वर उणे १३ च्या आसपास, आणि त्यात वारा धरायचा तो वेगळाच. उणे १० ला ताशी ३० किलोमीटरचा वारा सुटला तर उघड्या चामडीला ते उणे २० सारखं लागतं. हवामानाच्या ॲपमध्ये नुसता तापमानाचा आकडा बघून चालत नाही, वाऱ्याचा आकडा बघायचा. आणि नुसतं गुलमर्ग टाकलं तर मैदानाचं तापमान दिसतं, वरचं नाही, हे लक्षात ठेवा.

आता तयारी. किमान सहा ते आठ आठवडे आधी पायांवर काम सुरू करा. स्कीइंगमध्ये तुम्ही दिवसभर गुडघे वाकवून अर्धवट बसलेल्या अवस्थेत असता आणि मांड्या सतत ब्रेक लावत असतात, त्यामुळे जिने चढण्यापेक्षा जिने उतरणं जास्त कामाचं आहे. बिल्डिंगची लिफ्ट सोडा, वर जाताना हवी तर घ्या पण उतरताना जिन्याने, सावकाश, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखं बसायचा व्यायाम रोज, आधी अर्धा मिनिट, मग वाढवत दीड-दोन मिनिटांपर्यंत. रविवारी ट्रेकला जात असाल तर उत्तमच, सह्याद्रीतली घसाऱ्याची उतरण ही स्कीइंगच्या मांड्यांसाठी फुकटची शाळा आहे. एका पायावर उभं राहून दात घासा, ऐकायला पोरकट वाटेल पण घोट्याचा तोल याने खरंच सुधारतो. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर बुकिंगच्या आधी ऑर्थोपेडिकला दाखवा, नंतर नाही, कारण स्कीइंगमध्ये गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापती खूप होतात.

कपड्यांकडे येते. तीन थर. अंगाला चिकटणारा आतला थर घाम बाहेर ओढून नेण्यासाठी, मधला गरम हवा धरून ठेवण्यासाठी, बाहेरचा वारा आणि बर्फ अडवण्यासाठी. बस, इतकंच शास्त्र आहे, पण गडबड पहिल्याच थरात होते. आपल्या बाजारात थर्मल म्हणून जे मिळतं त्यातलं बरंचसं सुती किंवा सुतीमिश्र असतं. दुकानदार मऊ आहे, अंगाला टोचत नाही म्हणून तेच पुढे करतो. लेबल उलटून बघा, कॉटन लिहिलं असेल तर परत ठेवा. पॉलिस्टर किंवा मेरिनो लोकर हवी. सुती कापड घाम पितं आणि धरून बसतं, पावसाळ्यात भिजलेली जीन्स घालून लोकलमध्ये एसीच्या डब्यात शिरल्यावर जसं होतं तसं, फक्त इथे बाहेर उणे १० आहे आणि पुढचं स्टेशन नाही. हाच नियम आतल्या कपड्यांना पण, बनियन सुती घालून वर मेरिनो चढवलं तर पैसे वाया. बायकांनी स्पोर्ट्स ब्रा पण सिंथेटिकच घ्यावी, तिथला घाम सगळ्यात उशिरा वाळतो.

मधल्या थराला फ्लीस बेस्ट. स्वस्त, हलकं, ओलं झालं तरी लवकर वाळतं. घरी विणलेला लोकरी स्वेटर असेल तर तोही चालेल, लोकर ओली होऊनसुद्धा बरीच ऊब धरते, फक्त हात बाहीत आखडले जात नाहीत ना बघा. पिसांचं म्हणजे डाऊन जॅकेट स्की करताना घालू नका, ते संध्याकाळी फिरायला, गोंडोलाच्या रांगेत उभं राहायला, टॅक्सीची वाट बघायला. डाऊन ओलं झालं की गोळा होतं आणि मग त्याची ऊब गेलीच.

बाहेरचं जॅकेट आणि पँट वॉटरप्रूफ, शिवणींवर आतून टेप लावलेली, आणि काखेत चेन असेल तर सोन्याहून पिवळं, कारण घाम यायला लागला की ती उघडून वाफ बाहेर सोडता येते. नवशिक्याला घाम खूप येतो हो. पडायचं, उठायचं, स्की खांद्यावर टाकून पुन्हा वर चढायचं, दहा मिनिटांत माणूस गरम होतो. म्हणून स्की स्कूलला निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, असं कपड्यांचं गणित ठेवा. हॉटेलच्या दारातच छान उबदार वाटत असेल तर एक थर जास्त झालाय, काढा आणि बॅगेत टाका. मुंबईत जॅकेट तपासायचं तर पाच मिनिटं शॉवरखाली उभं राहा, आत टिश्यू पेपर खोचून. टिश्यू कुठे भिजला ते बघितलं की शिवण कुठे गळते ते कळतं. बिब म्हणजे पट्ट्यांची पँट बर्फ पाठीत जाऊ देत नाही, चांगलीच असते, पण बायकांना टॉयलेटला जाताना सगळं जॅकेट उतरवावं लागतं, तेव्हा बाजूला चेन असलेली घ्या किंवा उंच कमरेची साधी पँट घ्या.

मोज्यांबद्दल एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते, दोन जोड घालू नका. आपल्याला वाटतं दोन म्हणजे दुप्पट ऊब, पण स्की बूट कडक प्लास्टिकचा असतो, त्यात जागा ठरलेली, दोन मोजे घातले की पाय आवळला जातो, रक्त नीट पोचत नाही आणि बोटं आणखी गार पडतात, शिवाय सुरकुत्यांचे फोड येतात ते वेगळेच. एकच जोड, गुडघ्याखालपर्यंत येणारा, लोकरीचा किंवा सिंथेटिक, मध्यम जाडीचा. थर्मलची पँट मोज्यात खोचायची नाही, ती मोज्याच्या वरच संपली पाहिजे, नाहीतर त्या कडेची रेघ नडगीवर दिवसभर रुतते. आणि दिवसाला एक कोरडा जोड हाताशी हवाच, रात्री झोपायचा जोड तर पूर्ण वेगळा, तो दिवसा घालायचाच नाही.

चालायच्या बुटांचं एक मुंबईतच करायचं काम आहे. कपाटात दोन-तीन वर्षं पडून असलेले ट्रेकिंग शूज बाहेर काढा आणि तळवा नीट बघा. सोलच्या मधला जो मऊ थर असतो तो बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो आणि आपल्या दमट हवेत तो नुसता पडून पडूनसुद्धा आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो. अंगठ्याच्या नखाने मधला थर दाबा, चिवट लागला तर बरं, भुगा झाला किंवा बारीक चिरा दिसल्या तर तो बूट तिथे पहिल्याच दिवशी तोंड उघडणार. दिसायला ठीक असेल तरी आठवडाभर ऑफिसला घालून जा, जिने उतरा, मगच बॅगेत भरा. गुलमर्गच्या बर्फात सोल निघालेला बूट म्हणजे ओला पाय आणि दिवस संपला. गुलमर्गच्या खाली वाटेत लागणाऱ्या तंगमर्गला गमबूट आणि लांब कोट भाड्याने मिळतात, एका दिवसाच्या सहलीवाल्यांना ते ठीक आहेत, पण ते आधीच्या माणसाच्या घामाने दमट असतात बऱ्याचदा, आणि ओलाव्याचं वर सांगितलंच.

हात. हातमोज्यांमध्ये बोटं वेगळी असलेल्यांपेक्षा मिटन म्हणजे चार बोटं एकत्र असलेले जास्त गरम, कारण बोटं एकमेकांना ऊब देतात. आत पातळ लायनर घाला म्हणजे फोन काढायला, बुटाचं बकल लावायला मिटन काढलं तरी चामडी उघडी पडत नाही. माझ्या मावसबहिणीची मुलगी आमच्याबरोबर होती, सकाळभर तिने बर्फाचे गोळे केले, मिटन एकदम महागातलं, पण गोळे करताना मनगटातून बर्फ आत गेला आणि आतलं अस्तर भिजलं. अकराच्या सुमारास ती एकदम गप्प झाली. रडली नाही, काही मागितलं नाही, नुसती गप्प. तिच्या इन्स्ट्रक्टरच्या लक्षात आलं आमच्या आधी. त्याने तिचं मिटन काढलं, बोटांची टोकं बघितली, पांढरट मेणासारखी झाली होती, आणि काहीही न बोलता स्वतःचा फेरन म्हणजे लांब काश्मिरी झगा वर करून तिचे दोन्ही हात स्वतःच्या काखेत धरून तिथेच बर्फात बसला. "बेटा, उंगली हिलाओ, हिलाती रहो." पाचेक मिनिटांनी बोटं गुलाबी व्हायला लागली तेव्हा ती जोरात रडली, कारण रक्त परत यायला लागलं की खूप ठणकतं, आणि तो हसून म्हणाला की आता रडतेय म्हणजे ठीक आहे. लहान मुलं बरोबर असतील तर दर अर्ध्या तासाला बोटं, नाक, कान स्वतः बघा. दुखतंय म्हणणाऱ्या मुलापेक्षा गप्प झालेलं मूल जास्त काळजीचं. आणि मिटनचा दुसरा जोड जॅकेटच्या आत, कोरडा, कायम.

हिमदंशाबद्दल इथेच सांगून टाकते. चामडी पांढरी किंवा राखाडी, मेणासारखी, आणि संवेदना गेलेली, ही सुरुवात. चोळायचं नाही, बर्फाने तर अजिबातच नाही, त्याने आतल्या पेशी फाटतात. काखेत, पोटावर, दुसऱ्याच्या अंगाच्या उबेने गरम करायचं. परत आल्यावर कोमट पाणी, ३७ ते ३९ अंश, कोपराला सोसेल इतपतच. कांगडी म्हणजे निखाऱ्यांची काश्मिरी टोपली किंवा हीटर यांच्याजवळ बधिर बोटं धरू नका, भाजलेलं कळणारच नाही. आणि पुन्हा गोठायची शक्यता असेल, म्हणजे अजून बाहेरच चालत जायचंय, तर खोल गोठलेला भाग अर्धवट वितळवू नका, आधी आत जा. फोड आले किंवा संवेदना परत येत नसेल तर डॉक्टर, थांबायचं नाही. अंग जोरात थरथरतंय, बोलणं जड झालंय, पाय अडखळतायत, हातातल्या वस्तू पडतायत, ही शरीराचं तापमान घसरल्याची लक्षणं, आणि थरथर अचानक थांबली पण माणूस गोंधळलेलाच आहे तर ते बरं होणं नाही, जास्त बिघडणं आहे. ओले कपडे काढा, कोरडं घाला, डोकं झाका, शुद्धीवर असेल तर गोड गरम प्यायला द्या आणि मदत बोलवा. ब्रँडी नाही. दारूने चामडीकडचं रक्त वाढतं म्हणून उबदार वाटतं, पण तीच उष्णता अंगातून बाहेर जात असते.

डोळे आणि चामडी हा विषय लोक फार हलक्यात घेतात. ताजा बर्फ ऊन्हातल्या अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत वर फेकतो आणि दर हजार मीटरला त्यांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते, म्हणजे वरून पण आणि खालून पण. एसपीएफ ५० हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली, कानांच्या मागे सुद्धा, आणि दोन तासांनी परत. गॉगल नाही, स्की गॉगल्स, बाजूने बंद असलेले. चष्मा असेल तर ओटीजी म्हणजे चष्म्यावरून बसणारे मागा, दुकानात स्वतःचा चष्मा घालूनच ट्राय करा. गॉगल्स कपाळावर सरकवून ठेवायची सवय लावू नका, डोक्याच्या घामाची वाफ आत जाते आणि काचेवर धुकं जमतं. आणि खोबरेल तेलाची बाटली घरीच ठेवा, ते साधारण २४ अंशांखालीच गोठतं, तिथे दगड होऊन बसेल. गाल आणि ओठांना पेट्रोलियम जेली न्या.

आंघोळ. सकाळी आंघोळ केल्याशिवाय आपल्याकडे बऱ्याच जणांना चहा गोड लागत नाही, पण तिथे आंघोळ संध्याकाळी करा, स्की करून आल्यावर, आणि केस पूर्ण वाळवूनच झोपा. सकाळी ओल्या केसांनी हेल्मेट घालून बाहेर पडलं की डोकं दिवसभर गार. पाईपात पाणी गोठतं म्हणून काही ठिकाणी नळ रात्रभर बारीक सोडून ठेवतात, तो वाया जातोय म्हणून बंद करू नका, आधी हॉटेलवाल्याला विचारा.

पॅकिंग करताना पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाही. केबिन बॅगेतच एक पूर्ण थर्मल, मोजे, मिटन, गॉगल्स, औषधं ठेवा आणि जॅकेट अंगावर किंवा हातात घ्या, मोठी बॅग मागे राहिली तर निदान पहिला दिवस निभावतो. मुंबईहून श्रीनगर थेट पण आहे आणि दिल्लीमार्गे पण, हिवाळ्यात दिल्लीचं धुकं आणि श्रीनगरचा बर्फ दोन्ही फ्लाइटला अडकवू शकतात, म्हणून परतीच्या बाजूला एक दिवस मोकळा ठेवाच, सोमवारी सकाळची मीटिंग लावून रविवारी रात्री पोचायचा हिशोब करू नका. श्रीनगरहून परत येताना विमानतळावर तपासणी एकापेक्षा जास्त वेळा होते, बर्फात रस्ता पण हळू चालतो, भरपूर आधी निघा. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड हवं, घरात निदान एकाकडे तरी असू द्या. थंडीत फोनची बॅटरी अचानक झोपते, तो आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा. कॅमेरा बाहेरून गरम खोलीत आणताना आधी बाहेरच झिपच्या पिशवीत बंद करा आणि खोलीत तासभर तसाच राहू द्या, म्हणजे पाणी पिशवीच्या बाहेर जमतं, लेन्सच्या आत नाही.

औषधांमध्ये इन्शुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्या, ते गोठलं की निकामी, परत वितळवून वापरायचं नाही, अंगाजवळ ठेवायचं. दम्याचा पंपही तसाच आतल्या खिशात. गार कोरड्या हवेने दमा उसळतो आणि थंडीत रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बीपी, हृदयाचा त्रास असलेल्या आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना नेत असाल तर डॉक्टरांना विचारून. उंचीचा त्रास २,५०० मीटरच्या वर कुणालाही होऊ शकतो, तरुण फिट माणसालाही. पहिला दिवस हळू फिरा, खूप पाणी प्या, तहान लागत नाही तरी प्या. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नका, सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. डोकं ठणकतंय आणि मळमळतंय तर वर जायचं नाही, वाढत गेलं तर खाली उतरायचं, श्रीनगर जवळच आहे, ५० किलोमीटरच्या आसपास.

खायला बरोबर नेणार असाल तर एक अनुभवाचं. डिंकाचे लाडू, गुळाची चिक्की, चॉकलेट, एनर्जी बार, हे सगळं उणे तापमानात इतकं कडक होतं की दात लावायला भीती वाटते. राजगिऱ्याचे लाडू मात्र सहज फुटतात, खजूर-अंजीर आतल्या खिशात ठेवले की मऊ राहतात. थर्मासमध्ये गरम पाणी न्या. शरीर ऊब करायला इंधन जाळतं, त्यामुळे डाएट तिथे नाही, पोटभर खा. सकाळी हरिसा मिळाला आणि तुम्ही मटण खात असाल तर नक्की खा, काश्मिरी लोक हिवाळ्यात उगाच खात नाहीत तो. शाकाहारी असाल तर राजमा-भात, कहवा.

आता प्रत्यक्ष स्की. तंगमर्गपासून वरचे १३ किलोमीटर बर्फ पडला की साध्या गाडीला जमत नाहीत, चाकांना साखळी लावलेली किंवा फोर बाय फोर घ्यावी लागते, हे धरूनच वेळ आणि पैसे ठेवा. शिकण्यासाठी गुलमर्गला पर्यटन मंत्रालयाची आयआयएसएम ही संस्था आहे, त्यांचे कोर्स आधीच भरतात, महिने आधी चौकशी करा. नाहीतर स्थानिक इन्स्ट्रक्टर घ्या, पण दर, तास, साहित्य धरून की सोडून, हे आधी नीट बोलून घ्या. स्लेजवाले, गाईड सगळे भोवती गोळा होतात, त्यांचं वर्षाचं पोट या दोन-तीन महिन्यांवर आहे, तेव्हा नको असेल तर नम्रपणे, स्पष्ट नको म्हणा, आणि हो म्हणालात तर ठरलेले पैसे द्या.

बूट निवडायला घाई करू नका, अर्धा तास गेला तरी चालेल. बूट घालून टाच मागे दोनदा आपटा, मग बकल लावा. सरळ उभं राहिलं की बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत, आणि टाच काही केल्या उचलली जाता कामा नये. ढिला बूट आरामदायक वाटतो पण मग तुम्ही पाय वळवता आणि स्की वळतच नाही. आतलं अस्तर हाताने चाचपून बघा, ओलसर असेल तर दुसरा मागा, लाजू नका. संध्याकाळी परत करायचे नसतील तर अस्तर बाहेर काढून खोलीत वाळवा, बुखारी म्हणजे खोलीतल्या शेगडीपासून लांब, वितळतं ते. स्की नवशिक्याला हनुवटी ते नाक इतक्या उंचीची पुरे. बाइंडिंग म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी पकड, ती तुमचं वजन, उंची, वय आणि बुटाच्या सोलची लांबी बघून सेट करायची असते, म्हणजे पडल्यावर ती सुटते आणि गुडघा वाचतो. दुकानदाराने काहीच विचारलं नाही आणि नुसता बूट खटकन बसवून दिला तर तिथून घेऊ नका. हेल्मेट घ्याच.

पहिले दिवस मैदानातल्या छोट्या उतारांवर. दोन्ही स्कींची टोकं पुढे जवळ आणि मागे फाकवलेली, आतल्या कडांवर भार, हा पहिला ब्रेक. वजन पुढे, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. घाबरलं की माणूस मागे झुकतो, आणि मागे झुकलं की स्की सुसाट सुटते, तेव्हा भीती वाटली की मुद्दाम पुढे वाका. पडायचंच असेल तर बाजूला, हात मागे न टेकता. आणि खाली जो आहे त्याचा हक्क पहिला, वरून येणाऱ्याने त्याला टाळायचं, हा जगभरचा नियम आहे. दमल्यावर "एक शेवटची राउंड" करू नका, थकलेल्या मांड्या ब्रेक लावत नाहीत.

गोंडोलाने दुसऱ्या टप्प्यावर फिरायला जरूर जा, तिकीट ऑनलाइन आधी काढून, वारा सुटला तर तो टप्पा बंद ठेवतात हे धरून. पण तिथून स्की करत उतरणं नवशिक्यासाठी नाही. वरचा अफरवटचा भाग बहुतेक नैसर्गिक उतार आहे आणि तिथे हिमस्खलन होतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथेच दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळच्याच खिलनमर्गला एक रशियन. इन्स्ट्रक्टर "चलो, आज ऊपर से करते हैं" म्हणाला तरी दोरीच्या पलीकडे जाऊ नका, आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना स्कीइंग त्यात धरलंय का ते वाचा, बऱ्याच पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

रात्री खोलीत लाकडाची बुखारी पेटवत असतील तर खिडकीची फट ठेवा, कितीही थंडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपताना कांगडी किंवा कोळशाची शेगडी आत ठेवायची नाही, हॉटेलवाला आग्रह करत असला तरी नाही. इलेक्ट्रिक ब्लँकेट आधी लावून बिछाना गरम करा आणि झोपताना बंद करा.

घरी आलात की बॅग तशीच कोपऱ्यात ठेवू नका. सगळं त्याच दिवशी बाहेर काढा, वाळवा, जॅकेट फॅब्रिक सॉफ्टनर न घालता सौम्य साबणाने धुवा, कारण सॉफ्टनरने वरचा पाणी झटकणारा थर जातो. डाऊन जॅकेट पिशवीत कोंबून नाही, हँगरला लटकवून ठेवा. जूनच्या आधी सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात किंवा व्हॅक्यूम नसलेल्या मोठ्या पिशवीत भरा, आणि गणपतीच्या आसपास एकदा सगळं काढून कोरड्या ऊन्हात दोन तास टाका, बुरशी लागायला लागली असेल तर तेव्हाच कळते आणि तेव्हाच निघते.